लॉन्सेस्टनने शेगड्या बदलल्या तेव्हा

आपल्याकडे मृगाच्या पावसाची वाट पाहणं चालू असतं, तेव्हा टास्मानियात हिवाळा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला समुद्रात असलेलं हे बेट. त्याच्या उत्तर भागात लॉन्सेस्टन नावाचं शहर आहे. नॉर्थ एस्क आणि साउथ एस्क या दोन नद्या तिथे एकत्र येतात आणि पुढे टेमार म्हणून समुद्राकडे जातात. दोन्ही अंगांना टेकड्या, मध्ये शहर. वाडग्याच्या तळाशी भात बसावा तसं बसलेलं.

घर ऊबदार ठेवायचं आणि तरी छातीत धूर जाऊ द्यायचा नाही, हे कसं जमवायचं असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी याच शहराचं प्रकरण सांगते. उपकरणांच्या जाहिराती वाचून काही कळत नाही, कारण तिथे प्रत्येकच उपकरण स्वच्छ असतं. लॉन्सेस्टनमध्ये मात्र एका संपूर्ण गावाने घर तापवण्याची पद्धत बदलली, आधीची हवा मोजलेली होती, नंतरची मोजली गेली, आणि मग माणसांच्या मृत्यूंची नोंदही तपासली गेली. इतकी पूर्ण गोष्ट फार कमी ठिकाणी हाती लागते.

वाडग्यावरचं झाकण

नव्वदच्या दशकात लॉन्सेस्टनमधल्या सुमारे ६६ टक्के घरांत लाकडाची शेगडी होती. शेगडी म्हणजे आपली मातीची किंवा पत्र्याची उघडी शेगडी नव्हे. जाड लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, खाली हवा आत येण्यासाठी सरकती खिटी, आणि वर छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. आपल्याकडे जुन्या घरांत पाणी तापवायचा तांब्याचा बंब असे, त्याचाच हा मोठा, बैठकीच्या खोलीत बसवलेला भाऊ समजा. टास्मानियात जंगल भरपूर, लाकूड स्वस्त, कित्येकांना तर फुकट. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर या शेगड्या आणखी वाढल्या.

आता वाडग्याकडे वळू. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन भराभर थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि टेकड्यांवरून ओघळत खाली दरीत साचते. वरची हवा तुलनेने ऊबदार राहते. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर उठते आणि धूर घेऊन जाते. इथे उलटं होतं. थंड हवा खाली, गरम हवा वर, आणि वरची हवा झाकणासारखी बसून राहते. ज्या रात्री थंडी सगळ्यात जास्त, त्याच रात्री शेगड्या सगळ्यात जास्त पेटतात आणि त्याच रात्री झाकण सगळ्यात घट्ट बसतं. निसर्गाने आणि माणसाने मिळून केलेली ही कोंडी आहे. ज्याने नाशिकमध्ये किंवा पुण्याच्या नदीकाठी जानेवारीच्या पहाटे धुराचा सपाट थर पाहिला असेल, त्याला हे चित्र नवीन नाही.

रात्री दहा वाजता काय होतं

धुराचं मूळ एका साध्या घरगुती सवयीत आहे, ती नीट पाहण्यासारखी आहे.

संध्याकाळी शेगडी पेटवली जाते. चांगली सुकी लाकडं, खिटी पूर्ण उघडी, ज्वाला पिवळी आणि उंच. अशा वेळी धुराड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही, फक्त हवा थरथरताना दिसते. रात्री दहा वाजतात. घरातली माणसं झोपायला निघतात, पण पहाटे उठल्यावर घर गारठलेलं नको असतं. मग शेगडीत दोन जाडजूड ओंडके टाकायचे आणि हवेची खिटी बंद करायची. ज्वाला विझते. ओंडका रात्रभर धुमसत राहतो, सकाळी त्यात निखारे शिल्लक असतात. घरच्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचं काम.

पण लाकूड स्वतः थेट जळत नसतं. तापल्यावर त्यातून वायू सुटतात, आणि ज्वाला म्हणजे ते वायू जळणं. त्यांना जळायला पुरेशी उष्णता हवी आणि पुरेशी हवा हवी. खिटी बंद केली की दोन्ही संपतात. वायू सुटत राहतात, पण जळत नाहीत. ते तसेच धुराड्यातून वर जातात, बाहेरच्या थंड हवेत गोठून त्यांचे डांबरट, अतिसूक्ष्म कण बनतात, आणि ते कण झाकणाखाली साचतात. रात्री दहा ते सकाळी सहा. हजारो धुराडी एकाच वेळी.

ओल्या लाकडाने यात आणखी भर पडते. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं. एक किलो पाणी थंड असताना घेऊन त्याची पूर्ण वाफ करायला विजेच्या हिशेबात पाऊण युनिटच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे दहा किलो ओलं लाकूड टाकलं तर त्यातलं पाणी उडवण्यातच साडेतीन युनिटांहून जास्त उष्णता गेली. दोन किलोवॅटचा हीटर पावणेदोन तास चालवण्याइतकी. ती खोलीला मिळाली नाही, वाफ होऊन छपरावर गेली. बंबात ओला बंबफोड घातल्यावर आजी का ओरडायची, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. नुसता डोळ्यांना धूर नव्हता तो, पाणीही तापत नसे.

या सगळ्यात घरातल्या माणसाला मात्र धूर जाणवत नाही. काचेचं दार बंद, धुराडं चालू, खोली स्वच्छ आणि ऊबदार. मला हे प्रकरण यासाठीच महत्त्वाचं वाटतं. धुराडं धूर नाहीसा करत नाही, तो शेजारच्या अंगणात नेऊन ठेवतं. आणि शेजाऱ्याचा आपल्या अंगणात येतो. सूक्ष्म कण दारं-खिडक्यांच्या फटींतून आत शिरतातच, त्यामुळे ज्याच्या घरी शेगडी नाही तोही तीच हवा घेतो.

२००१ ते २००४

गावात तक्रारी होत्या, डॉक्टर बोलत होते, हवा मोजण्याची यंत्रणा होती. आकडे सांगत होते की हिवाळ्यातली हवा वाईट आहे. लाकूड सुकवून वापरा, खिटी पूर्ण बंद करू नका, असा प्रचारही चालू होता. २००१ पासून तीन गोष्टी एकत्र आल्या: प्रचार, धूर ओकणाऱ्या धुराड्यांवर नियमांची अंमलबजावणी, आणि शेगडी काढून दुसरं साधन बसवणाऱ्याला रोख मदत. या मदतीसाठी केंद्र सरकारने सुमारे २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दिले, आणि २००४ पर्यंत दोन हजारांहून अधिक घरांनी तिचा लाभ घेऊन शेगडी काढली. बहुतेकांनी जागेवर विजेचं साधन आणलं.

आता इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण बहुतेक लोक इथून पुढे धावतात. अभ्यास झाला त्या भागाची लोकसंख्या सुमारे ६७ हजार. घरटी अडीच माणसं धरली तर २७ हजारांच्या आसपास घरं होतात. शेगडी असलेल्या घरांचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं, म्हणजे ढोबळमानाने साडेनऊ हजार घरांतून शेगडी गेली. मदत घेणारी घरं मात्र दोन हजारांच्या वर थोडीच. बाकीच्या सात हजारांनी स्वतःच्या खिशातून साधन बदललं.

हा या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. मदतीचा पैसा थेट जितक्या घरांत पोहोचला त्याच्या चौपट बदल गावात झाला. शेजाऱ्याच्या भिंतीवर हीट पंप, म्हणजे खोली तापवणारं विजेचं यंत्र, बसलेलं पाहिलं, लाकडं वाहायची कटकट गेली, बटण दाबलं की ऊब, असं एकाने दुसऱ्याला सांगितलं, यंत्रंही दिवसेंदिवस बरी आणि स्वस्त होत गेली. वातावरण तयार झालं होतं, मदतीने त्याला सुरुवात मिळाली. आपल्याकडे कुठलीही योजना मोजताना ‘लाभार्थी किती’ एवढंच विचारलं जातं. लाभार्थ्याच्या शेजारी राहणाऱ्याने काय केलं, हे कुणी विचारत नाही.

हवेचं काय झालं, माणसांचं काय झालं

टास्मानिया विद्यापीठातल्या फे जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा काळ तपासला आणि २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. १९९४ ते २००० हा आधीचा काळ, २००१ ते २००७ हा नंतरचा. हिवाळ्यातल्या एका दिवसाची सरासरी पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, आधी दर घनमीटर हवेत ४४ मायक्रोग्रॅम होती. नंतर ती २७ वर आली. जवळपास ३९ टक्के घट. आणि ही घट कारखाने बंद करून किंवा गाड्या थांबवून आलेली नव्हती. लोकांनी आपल्या बैठकीच्या खोलीतली एक वस्तू बदलली, त्यातून आलेली होती.

तुलनेसाठी त्यांनी होबार्ट घेतलं. होबार्ट ही टास्मानियाची राजधानी. बेट तेच, आरोग्यसेवा तीच, पण तिथे असा कार्यक्रम झाला नव्हता. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याच वर्षांत सिगारेटी कमी झाल्या, हृदयविकाराची औषधं सुधारली, आणि मृत्यू तसेही घटत होते. होबार्टशी ताडून पाहिल्याशिवाय कुणीही म्हणालं असतं की यात शेगडीचा काय संबंध.

निष्कर्ष जसे आहेत तसेच सांगते, फुगवून नाही. पुरुष आणि स्त्रिया मिळून वर्षभराच्या मृत्यूंत घट दिसली ती लहान होती, संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस म्हणावी अशी नव्हती. पुरुषांत मात्र घट मोठी होती: सर्व कारणांचे मृत्यू ११.४ टक्क्यांनी कमी, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे १७.९ टक्क्यांनी, श्वसनविकारांचे २२.८ टक्क्यांनी. नुसता हिवाळा धरला, स्त्री-पुरुष एकत्र, तर हृदयविकारांचे मृत्यू १९.६ आणि श्वसनविकारांचे २७.९ टक्क्यांनी घटले. हे हिवाळ्याचे दोन आकडे ठोसपणाच्या अगदी उंबरठ्यावर आहेत. होबार्टमध्ये लक्षणीय बदल आढळला नाही.

६७ हजारांच्या गावात एका हिवाळ्यात श्वसनविकाराने होणारे मृत्यू मुळात हाताच्या बोटांवर नसले तरी थोडेच असतात. म्हणून टक्केवारीभोवती अनिश्चितता मोठी राहते. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण या अभ्यासाचा ‘शेगडी बंद केली आणि मृत्यू चतुर्थांशाने घटले’ असा मथळा करणं सोपं आहे, आणि तो चुकीचा आहे. पण सगळे आकडे एकाच दिशेला झुकलेले आहेत. हवा सुधारली तो ऋतू, धुराने बिघडणारे विकार आणि घट दिसली ती जागा एकमेकांशी जुळतात. एखाद्या वैद्याला नाडी, जीभ आणि डोळे एकच गोष्ट सांगत असतील तर तो पुढचा विचार त्या दिशेने करतो. मीही करते.

धूर फुफ्फुसापुरता राहत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. त्यातून शरीरभर दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्या आखडतात. त्यात थंडीने रक्तदाब आधीच चढलेला असतो. म्हणून धुराच्या हिवाळ्यात दम्याच्या पेशंटबरोबर हृदयाचे पेशंटही दवाखान्यात येतात. घरचं वयस्कर माणूस ‘छातीत जड वाटतंय’ म्हणालं की आपण थंडी लागली म्हणतो. थंडीही असेल, पण एकटी थंडीच नसेल.

जागेवर काय आलं

टास्मानियात शेगडीच्या जागी हळूहळू सर्वांत जास्त पसरलं ते साधन म्हणजे हीट पंप. नाव परकं वाटलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे: उलटा चालवलेला एसी. उन्हाळ्यात एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून त्याच्या बाहेरच्या पेटीसमोर उभं राहिलं की गरम झोत लागतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून खोलीत आणतो. बाहेर पाच अंश तापमान असलं तरी त्या हवेत उष्णता असतेच. पेटीतला द्रव त्याहूनही थंड असतो, त्यामुळे तो ती शोषून घेतो, त्याचा वायू होतो, कॉम्प्रेसर तो दाबतो, दाबल्यावर तो तापतो, आणि ती ऊब आत सोडली जाते.

यात विजेचं काम उष्णता निर्माण करण्याचं नाही, वाहून आणण्याचं आहे. म्हणून एक युनिट वीज खर्चून बऱ्या यंत्रातून तीन युनिटांच्या आसपास ऊब मिळते. तारेचा किंवा रॉडचा हीटर एका युनिटला एकच युनिट ऊब देतो, त्याहून कणभरही जास्त नाही, मग त्याच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. ऑइल भरलेला रेडिएटर, ब्लोअर, हॅलोजन, सगळे याच गटातले. फरक फक्त ऊब कशी पसरते त्यात.

हीट पंपाच्या अडचणीही आहेत. दमट थंडीत बाहेरच्या पेटीवर बर्फ धरतो, मग यंत्र काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं, तेवढा वेळ आत ऊब येत नाही. नवीन माणसाला वाटतं बिघडलं. आतली जाळी महिन्या-दोन महिन्यांनी धुवावी लागते. वीज गेली की सगळं बंद. आणि बसवायचा पहिला खर्च मोठा, भाड्याच्या घरात तो कुणी करायचा हा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच.

टास्मानियाला एक मोठी सोय होती, ती लपवून चालणार नाही. तिथली वीज मुख्यतः धरणांवरची. म्हणजे शेगडीचा धूर हटवून तो दुसऱ्या कुठल्या गावाच्या औष्णिक केंद्रात उभा राहिला असं झालं नाही. महाराष्ट्रात आपण हीटर लावतो तेव्हा चंद्रपूर, कोराडी, भुसावळ या नावांची आठवण ठेवायला हवी. तरीही, एका युनिटातून तीन युनिटांची ऊब काढणारं यंत्र आणि एकाचं एकच देणारं यंत्र यांत कोळसा किती जळणार याचा फरक तिप्पट आहे. आणि झोपलेल्या वस्तीत, वाडग्याच्या तळाशी, नाकाच्या उंचीवर सोडलेला धूर सर्वांत वाईट, यात वाद नाही.

घराला पांघरूण हे खरं तर सगळ्याच्या आधी यायला हवं. कुठलंही साधन घ्या, छत उघडं पडलेलं आणि दाराखाली बोटभर फट असेल तर ऊब बाहेर जात राहणार. न्यूझीलंडमध्ये फिलिपा हाउडन-चॅपमन यांच्या गटाने दोन पायऱ्यांनी हे तपासलं. आधी १,३५० घरांत छताला आणि जमिनीखाली उष्णतारोधक थर घातले, आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले: लोकांची तब्येत सुधारली, मुलांच्या शाळेच्या आणि मोठ्यांच्या कामाच्या रजा कमी झाल्या. मग दमा असलेल्या ४०९ मुलांच्या घरी, पांघरूण घातलेल्याच घरांत, जुना गॅस किंवा साधा हीटर काढून चांगलं साधन दिलं. बैठकीच्या खोलीचं तापमान सरासरी जेमतेम १.१ अंशाने वाढलं. पण धुराडं नसलेला गॅस हीटर गेल्यामुळे घरातला नायट्रोजन डायऑक्साइड जवळपास अर्ध्यावर आला. मुलांच्या फुंकर मारून घेतलेल्या फुफ्फुसाच्या चाचणीत ठोस फरक दिसला नाही, पण दम्याचा त्रास कमी झाला, आणि हिवाळ्यात शाळेचे दिवस सरासरी १.८ ने कमी बुडाले. लॉन्सेस्टनने बाहेरच्या हवेची बाजू दाखवली, या अभ्यासाने घरातल्या हवेची.

घरातल्या हवेबद्दल एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगते. कोळशाची शेगडी, निखाऱ्यांची घमेली, धुराडं नसलेला गॅस हीटर, यातलं काहीही दारं-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत ठेवू नका. निखारे धूर करत नाहीत म्हणून सुरक्षित वाटतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि गुंगीत माणसाला उठून दार उघडायचं सुचत नाही. थंड हवेच्या ठिकाणी सहलीला गेलेली, तंबूत किंवा लॉजच्या खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. बाथरूममधल्या गॅस गिझरचीही हीच कथा.

जे तीस टक्के राहिले

लॉन्सेस्टनमधला धूर पूर्ण गेला नाही. तीस टक्के घरांत शेगडी राहिली आणि हिवाळ्यातल्या शांत रात्री आजही दरीत धूर साचतो. नव्या शेगड्यांसाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मानक वेळोवेळी कडक झालं, एक किलो लाकडामागे आधी चार ग्रॅम कणांची मुभा होती, २०१९ पासून दीड ग्रॅम आहे. पण ही चाचणी प्रयोगशाळेत, मापून घेतलेल्या सुक्या लाकडावर होते. घरात ओला ओंडका पडतो आणि रात्री दहा वाजता खिटी बंद होते. लॉन्सेस्टनच्याच घरांतल्या धुराड्यांवर प्रत्यक्ष मोजमाप झालं तेव्हा आकडे प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. म्हणून ‘सुधारित शेगडी’ या उत्तरावर माझा फारसा भरवसा नाही. यंत्र सुधारलं तरी झोपेची वेळ बदलत नाही.

त्या तीस टक्क्यांना दोष देणं मात्र मला पटत नाही. काहींना वीजबिल परवडत नाही, काहींकडे स्वतःचं लाकूड आहे. आणि काहींना आग हवी असते. नुसती ऊब नको, आग. तिच्याभोवती बसणं, तिच्याकडे बघणं, कुत्रं तिच्यासमोर पसरणं. हीट पंप हे देत नाही. हिवाळ्यात घरात किमान १८ अंश तापमान असावं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. त्यामुळे धूर बंद करा आणि थंडीत बसा, हा आरोग्याचा सल्ला होऊच शकत नाही. पर्याय हातात द्यावा लागतो, आणि तो माणसाला आपला वाटावा लागतो.

हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या फाटकावर शिकले. पुण्यात डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की आमचे रात्रपाळीचे वॉचमन काका फाटकाशी शेकोटी पेटवायचे. झाडाचा पालापाचोळा, खोक्यांचे पुठ्ठे, आणि लवकर पेटावं म्हणून प्लास्टिकच्या पिशव्याही. तळमजल्यावरच्या आजींना दमा. दर वर्षी तक्रार, दर वर्षी कमिटीची नोटीस, चार दिवस शेकोटी बंद, पाचव्या दिवशी पुन्हा चालू. दिल्ली परिसरात हिवाळ्यातल्या प्रदूषणासाठी टप्प्याटप्प्याने जी ग्रॅप नावाची योजना लागू होते, तिच्यात गृहसंकुलांना सांगितलेलं आहे की रखवालदारांना आणि सफाई कामगारांना विजेचे हीटर पुरवा, म्हणजे त्यांना उघड्यावर काही जाळावं लागणार नाही. ते वाचलं आणि मला आमच्या नोटिशीची लाज वाटली. चौकीदाराला रात्रभर उघड्यावर उभं करायचं आणि वर त्याने शेकू नये म्हणून कागद चिकटवायचा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही केबिनची मोडकी काच बसवली, दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी लावली, आणि चारशे वॅटच्या दोन कांड्यांचा हीटर भिंतीला ठोकला. केबिन पाच फूट बाय चार फूट. एवढ्या जागेला एक कांडी पुरते. रात्री दहा तास चालली तरी चार युनिटं. लोकरीचं जाकीट आणि कानटोपी वेगळी. पाचोळा आता मागच्या खतखड्ड्यात जातो.

आठवड्याने मी काकांना विचारलं, कसं आहे. म्हणाले, “ऊब चांगली आहे ताई. पण माणसं येत नाहीत आता.” पहाटे साडेचारला दूधवाला यायचा, पेपरची मुलं यायची, शेजारच्या सोसायटीचा वॉचमन यायचा. शेकोटीपाशी दहा मिनिटं हात पुढे करून उभे राहायचे, मग आपापल्या वाटेला. केबिनमध्ये एकच खुर्ची मावते.

मग आम्ही फाटकाच्या आतल्या बाजूला, वारा लागत नाही त्या भिंतीशी, एक बाक टाकला. तळमजल्यावरच्या आजी रात्री झोपताना मोठा थर्मास भरून आलं घातलेला चहा केबिनमध्ये ठेवतात. साडेचारला बाकावर चौघं असतात.